अठ्ठावीस अंडी, अकरा पिल्लं: कुरियरनं आलेल्या कडकनाथचा पंचनामा

आधी निकाल सांगून टाकतो. मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातून कडकनाथ या काळ्या कोंबडीची ३० उबवणीची अंडी मागवली. २ वाटेतच फुटली, २८ मशीनमध्ये गेली आणि पिल्लं निघाली ११. शेजारच्या काकूंच्या गावरान कोंबड्यांची ८ अंडी त्याच मशीनमध्ये, त्याच दिवशी ठेवली होती. त्यातून ६ निघाली.

असा निकाल लागला की आपल्याकडे दोनच वाक्यं ऐकू येतात. मागवणारा म्हणतो, ‘अंडीच खराब पाठवली.’ पाठवणारा म्हणतो, ‘तुमचं मशीन बरोबर नाही.’ मधला रस्ता कुणाच्याच तोंडी येत नाही. मी भांडत बसलो नाही. न निघालेलं प्रत्येक अंडं फोडलं, आत काय आहे ते वहीत लिहिलं आणि कोणतं अंडं कोणत्या दिवशी मेलं याचा अंदाज बांधला. हे काम घाणेरडं आहे आणि वासाचंही. पण विकणारा, रस्ता की आपण, यातला दोष कुणाचा हे कळायला माझ्या माहितीत दुसरा मार्ग नाही.

अंडीच का, पिल्लं का नाही

माझं पोट कोंबड्यांवर नाही. वाईजवळच्या गावात घर, मागे परसात खुराडं, दहाबारा गावरान कोंबड्या, एवढाच पसारा. कडकनाथ हवी होती ती खऱ्या वाणाची, पुढे स्वतःच्या अंड्यांवर कळप वाढवायला.

आमच्या भागात ‘कडकनाथ’ म्हटलं की लोक आधी संशयानं बघतात. २०१९ मध्ये इस्लामपूर-सांगलीकडे कडकनाथ पालनाच्या नावाखाली शेतकऱ्यांचे पैसे कसे बुडाले ते सगळ्यांच्या लक्षात आहे. त्यात कोंबडीचा काही गुन्हा नव्हता. बिचारी मुळात भिल्ल आणि भिलाला आदिवासींच्या अंगणातली, तिकडे तिला ‘कालीमासी’ म्हणतात. झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन मांसाला आहे, तुमच्या हातातल्या अंड्याला नाही, हे विकत घेताना सोयीस्करपणे विसरलं जातं. मीही विसरलो होतो.

एक दिवसाची पिल्लं पार्सलनं येतात. निघण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोन-तीन दिवस तग धरतं, म्हणून तो धंदा चालतो. पण पाठवणाऱ्याकडे पिल्लं शंभराच्या पटीतच मिळत होती. माझ्या खुराड्यात शंभर पिल्लं म्हणजे घरात भांडण. अंडी मात्र तीसही मिळत होती. ४० रुपये अंडं, म्हणजे १२०० रुपये, वर पार्सलचे ३४०.

मागवण्याआधी एक चौकशी सगळ्यांनी करावी, तिकडे किंवा इकडे बर्ड फ्लू आहे का. जानेवारी २०२१ मध्ये झाबुआतच कडकनाथच्या फार्मवर तो सापडला होता, आणि महेंद्रसिंह धोनीसाठी ठरलेली दोन हजार पिल्लं जाऊ शकली नाहीत, अशी बातमी होती. रोगाच्या काळात बंदी असताना अंडी चोरून मागवणं हा शुद्ध मूर्खपणा आहे.

पार्सल

पाठवणाऱ्यानं अंड्यांवर पेन्सिलनं तारखा घातल्या होत्या. मी मागितलं नव्हतं, त्यानं आपणहून केलं. पुढे याच तारखांमुळे मला अर्धी उत्तरं मिळाली. अंडी ३ ते ८ जानेवारीची. पार्सल ८ ला निघालं आणि १२ च्या संध्याकाळी माझ्या हातात आलं.

खोक्यात प्रत्येक अंडं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, भोवती लाकडाचा भुसा. प्रेमानं बांधलं होतं, पण चुकीचं. अंडी आडवी होती आणि भुसा हादऱ्यानं खाली बसल्यावर वरच्या थरातल्या अंड्यांना हलायला जागा झाली होती. कोपऱ्यातली २ फुटली, त्यांचा बलक शेजारच्या चार अंड्यांना लागून वाळला होता. एकाला केसाएवढी तडा होती. बलकाची चार अंडी मी धुतली नाहीत, कोरड्या फडक्यानं हलकेच पुसली. अंड्यावर एक नैसर्गिक लेप असतो, तो धुतला की बारीक छिद्रांतून जंतू आत जायला मोकळे. तडा गेलेल्यावर मेणबत्तीच्या मेणाचे दोन थेंब टाकले. हा माझा मोह. त्याचं फळ पुढे मिळालं.

जानेवारी मुद्दाम निवडला होता. अंडं घातलं जातं तेव्हा आतला जीव म्हणजे हजारो पेशींची चकती असते, आणि साधारण २० अंशांच्या खाली ती झोपून राहते. एप्रिल-मेच्या उन्हात पार्सल ३५ अंशांवर तापलं तर ती धड वाढतही नाही आणि झोपतही नाही, अर्धवट जागी होऊन मरते. थंडीत तेवढा धोका तरी टळतो.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी अंडी पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये टोकदार बाजू खाली करून घरातल्या थंड खोलीत ठेवली. काकू आल्या, म्हणाल्या, ‘आणली तशी घाल की बसायला, कशाला थांबतोस?’ त्यांची कोंबडी त्यांच्याच कोनाड्यातल्या अंड्यांवर बसते, तिला कसला प्रवास? सातशे किलोमीटरच्या आसपास हादरे खाल्लेल्या अंड्याला चोवीस तास शांतता द्यावी लागते.

मशीनमध्ये ठेवण्याआधी अंधारात प्रत्येक अंड्याला टॉर्च लावला. हे मी केलं नसतं तर या प्रकरणात लिहिण्यासारखं काहीच उरलं नसतं. अंड्याच्या बोथट बाजूला आतल्या दोन पातळ पडद्यांमध्ये हवेची पोकळी असते. चांगल्या अंड्यात ती जागची हलत नाही. माझ्या २८ पैकी १६ ची पोकळी जागेवर होती. १२ ची सुटली होती. काहींत ती खोगिरासारखी एका कडेला उतरलेली, काहींत अंडं कलतं केलं की लेव्हलच्या नळीतल्या बुडबुड्यासारखी सरकत होती. पोकळीची कडा प्रत्येक अंड्यावर पेन्सिलनं आखली आणि त्या बारांवर फुली मारली.

मशीन

चाळीस अंड्यांचं छोटं पंखेवालं इन्क्युबेटर. अशा मशीनच्या पडद्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, हे मी आधीच्या एका फसलेल्या खेपेत शिकलो होतो. यावेळी घरातला तापाचा थर्मामीटर आत ठेवला. पंख्याच्या मशीनला ९९.५ ते १०० फॅरनहाइट, म्हणजे ३७.५ ते ३७.८ सेल्सिअस लागतं. पडदा ३७.८ दाखवत होता तेव्हा थर्मामीटरवर ९९ होता. अर्ध्या अंशाहून जास्त कमी. तेवढं वाढवलं.

आर्द्रतामापकाची परीक्षा मिठानं होते. बाटलीच्या झाकणात साधं मीठ, त्यात पाण्याचे चार थेंब, मीठ ओलं व्हावं पण विरघळू नये. ते आणि मापक एका बंद पिशवीत रात्रभर. सकाळी ७५ टक्के दिसायला हवं. माझ्यात ८१ दिसले. म्हणजे मापक ५० दाखवेल तेव्हा खरे ४४. कोरड्या थंडीत हा फरक छोटा नाही.

भोगीच्या संध्याकाळी, १३ जानेवारीला, अंडी आत गेली. पोकळी सुटलेली अंडी लोळवायची नाहीत म्हणून मशीनचा फिरवणारा ट्रे काढून ठेवला होता. सगळी अंडी पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये उभी, ट्रेच्या बुडाला हवेसाठी भोकं. पहिले दोन दिवस हात लावला नाही. नंतर ट्रेच्या एका बाजूखाली लाकडी ठोकळा सरकवून कधी या अंगाला, कधी त्या अंगाला कलवायचं, दिवसातून पाच वेळा. गावरान आठही तशीच उभी. परीक्षा दोघांची सारखी व्हायला हवी होती.

२८ तारखेला पाच तास वीज गेली. मशीनवर गोधडी टाकली आणि झाकण उघडलं नाही. पंधराव्या दिवशी आतली पिल्लं स्वतःही ऊब देत असतात, एवढ्यानं काही बिघडत नाही. बिघडलं नाही, हे गावरान अंड्यांनी पुढे दाखवलं.

सातवा दिवस

टॉर्चमध्ये १९ अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे हलणारा ठिपका. ४ अंड्यांत शिरा नाहीत, फक्त रक्ताचं एक वर्तुळ. म्हणजे जीव धरला होता, तीन-चार दिवस वाढून मेला आणि रक्त कडेला सरकलं. ५ अंडी स्वच्छ, पिवळी, रिकामी.

इथे बहुतेक लोक पाचही अंडी ‘नर लागला नव्हता’ म्हणून विकणाऱ्याच्या खात्यात मांडतात. मी ती बशीत फोडली. बलकावरची पांढरी खूण नीट बघायची. न फळलेल्या अंड्यात ती बारीक, घट्ट, वेड्यावाकड्या कडेची असते. फळलेल्यात ती गोल, मोठी, मधे विरळ, कडेला पांढरी. पाचांपैकी ३ खरोखर न फळलेली होती. २ मध्ये चकती पसरायला लागली होती आणि तिथेच थांबली होती. टॉर्चमध्ये ही दोन्ही अगदी सारखी दिसतात.

म्हणजे २८ पैकी २५ अंडी फळलेली होती. पाठवणाऱ्याचे नर-माद्या व्यवस्थित होते. त्याला शिव्या घालायला मी जे शब्द जुळवून ठेवले होते ते गिळले.

चौदाव्या दिवसापर्यंत आणखी २ गेली. अठराव्या दिवशी १. ती तडा गेलेली, मेण लावलेली. फोडली तेव्हा वासानंच कळलं. मेणानं पाणी उडणं थांबलं, पण तोपर्यंत जंतू आत जाऊन बसले होते. ते अंडं मशीनमध्ये फुटलं असतं तर बाकी सगळ्यांना घेऊन गेलं असतं. पुन्हा असा लोभ करणार नाही.

वजन सोनाराच्या छोट्या काट्यावर घेत होतो. ही अंडी ४४ ग्रॅमच्या आसपासची, कडकनाथचं अंडं लहानच असतं. आणि रंगानं फिकट बदामी, काळं नव्हे. ‘काळं अंडं’ विकणारा भेटला तर पाकीट खिशात ठेवावं. अठरा दिवसांत ११ ते १३ टक्के वजन घटायला हवं, माझं १३ च्या थोडं वर गेलं. जरा कोरडंच, पण चालण्यासारखं.

शेवटचे तीन दिवस

३१ जानेवारीला कलवणं बंद केलं, पाणी वाढवलं, खरी आर्द्रता ६५ च्या वर नेली. १६ कडकनाथ आणि ७ गावरान उरली होती. गावरानातलं एक सुरुवातीलाच रिकामं निघालं होतं.

३ फेब्रुवारीच्या पहाटे गावरान अंड्यांना टोचे पडले आणि संध्याकाळपर्यंत ६ पिल्लं बाहेर. कडकनाथ गप्प. हे अपेक्षित होतं, जेवढे दिवस अंडं साठवणीत तेवढा उशीर, दिवसामागे साधारण तासभर. तरीही माणसाचा जीव राहत नाही. रात्री एका अंड्याला टोचा दिसत होता आणि पुढे काही होत नव्हतं. मी झाकण उघडलं, अंडं हातात घेऊन कानाला लावलं, आत चिवचिव ऐकली, खूश झालो आणि परत ठेवलं. पंधरा सेकंद म्हणालो होतो, मिनिटभर तरी गेलं असेल. सकाळी त्या पिल्लाभोवतीचा पडदा वाळून कागदासारखा चिकटला होता आणि पिल्लू मेलं होतं. त्याच्या अंड्यावर फुली नव्हती. रस्त्यानं त्याला काही केलेलं नव्हतं. हे एक माझं.

४ तारखेच्या रात्रीपर्यंत ११ पिल्लं निघाली. निळसर काळी, पाठीवर वेड्यावाकड्या गडद रेघा, जशी असायला हवीत तशी.

उरलेली पाच

न निघालेली पाच अंडी ५ तारखेला अंगणात वर्तमानपत्रावर फोडली. एक ते वाळलेल्या पडद्याचं. बाकी चारही फुलीवाली.

एकात पिल्लू पूर्ण वाढलेलं, पण हवेची पोकळी कडेला उतरलेली. पिल्लू निघण्याआधी चोच आधी त्या पोकळीत घालतं, पहिला श्वास तिथला असतो. याच्या चोचीसमोर पोकळीऐवजी ओल होती. ते बुडालं. दुसऱ्यानं पोकळीत चोच घातली होती, पण कवचापर्यंत पोचलं नाही. उरलेल्या दोघांची डोकी टोकदार बाजूला होती, पोकळीच्या उलट दिशेला.

या दोघांवर मी बराच वेळ अडलो. डोकं उलट्या टोकाला जाणं हे बहुधा अंडं उलटं ठेवल्याचं लक्षण. मी तर टोक खाली ठेवलं होतं! मग टरफलं जुळवून पाहिली. दोन्ही अंडी जवळजवळ चेंडूसारखी गोल. टोक कुठलं हे डोळ्यांना ठरवता येत नाही, ते पोकळीवरून ठरवायचं, आणि यांची पोकळी तर सरकणारी. मी अंदाजानं ठेवली आणि बहुतेक चुकलो. हा दोष रस्त्याचा की माझा? वहीत दोघांचीही नावं लिहिली आहेत.

आता फुल्यांचा हिशेब लावला. फुलीवाल्या १२ अंड्यांतून २ पिल्लं. बिनफुलीच्या १६ मधून ९. रक्ताच्या वर्तुळाच्या चारांपैकी ३ फुलीवाली. तारखांचंही बघितलं. ३ आणि ४ जानेवारीची, म्हणजे मशीनमध्ये जाताना नऊ-दहा दिवसांची झालेली १० अंडी होती, त्यातली ३ निघाली. सात दिवसांपुढे अंड्याचा जोर उतरतो हे वाचलं होतं, इथे ते मोजायला मिळालं. पण जुनी अंडी पार्सलच्या वरच्या थरात होती की खालच्या, हे मी टिपलं नव्हतं. त्यामुळे त्यांना वय भोवलं की हादरे, हे वेगळं काढता येत नाही.

मशीन मात्र सुटलं. त्याच हवेत, त्याच गोधडीखाली गावरानाची आठातली सहा निघाली. शेजारची ही आठ अंडी माझ्या सगळ्या खर्चात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाची ठरली. काकूंनी पैसे घेतले नाहीत, सहापैकी चार पिल्लं घेतली.

पैशाचा हिशेब वाईटच आहे. १५४० रुपयांत ११ पिल्लं, म्हणजे एक १४० ला पडलं, वीज आणि जागरण सोडून. नुसतं कडकनाथ पाळायचं असेल तर दोघा-तिघांनी मिळून शंभर पिल्लं मागवावीत आणि वाटून घ्यावीत.

पाठवणाऱ्याला मी फोन केला, पैसे मागायला नव्हे. फुल्यांचा आणि तारखांचा हिशेब सांगितला. तो आधी सावध होता, मग म्हणाला, ‘भाईसाब, आजवर लोकांनी फक्त किती मेली ते सांगितलं, कशी मेली ते कुणी नाही.’ पुढच्या खेपेला चार दिवसांच्या आतली अंडी, प्रत्येक अंडं उभं, फोमच्या खाचेत, खोक्यात खोकं, आणि कुरियरऐवजी इंदूर-पुणे रात्रीच्या बसनं, असं ठरलं. स्वारगेटला मी स्वतः घ्यायला जाईन.

आलेली पिल्लं माझ्या गावरान कोंबड्यांपासून महिनाभर लांब, वरच्या पडवीत ठेवली. काही रोग अंड्यातूनच येतात, आणि परक्या कळपाचं अंडं म्हणजे परक्या कळपाचा रोगही. सातव्या दिवशी लासोटाचा, म्हणजे राणीखेत रोगाच्या लसीचा, थेंब डोळ्यात घातला. अकरापैकी एक तिसऱ्या दिवशी दगावलं, दहा वाढली, सहा तलंगा आणि चार नर.

चार महिन्यांनंतर नरांतला एक वेगळा दिसायला लागला. बाकी तिघांचे तुरे जांभळट-काळे, याचा लालसर. पाय करडे, पण तोंड उघडलं की जीभ फिकी. अंगानंही जड, बाकीचे किलोच्या आसपास असताना हा सव्वा किलो. कडकनाथचा काळा रंग एकाच बाजूनं आला तरी पिल्लू काळपट निघतं, त्यामुळे पहिल्या दिवशी तो इतरांसारखाच दिसला होता. नर कडकनाथ आणि मादी गावरान अशी जोडी असेल तर मुलग्यांत काळेपणा फिका पडतो आणि मुली बऱ्याच काळ्या दिसतात. म्हणजे माझ्या सहा काळ्याकुट्ट तलंगांतही अशी एखादी असू शकते आणि ती वरून ओळखू येणार नाही. पाठवणाऱ्याच्या कळपात कधीतरी एखादी गावरान कोंबडी शिरलेली असणार. तलंगांच्या पायांत मी रंगीत कड्या घातल्या आहेत. प्रत्येकीची अंडी वेगळी उबवून पिल्लं कशी निघतात ते बघेपर्यंत शुद्ध वाणाचा शब्द कुणाला देणार नाही.

त्या नराचा निकाल आखाडात लागला. कातडी करडी, जागोजागी पिवळसर डाग. हाडं मात्र, मी मुद्दाम मांडीचं हाड साफ करून बघितलं, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. वहीत शेवटच्या पानावर त्याचंही लिहिलं. काकूंना वाटी पाठवली होती, त्या म्हणाल्या, गावरानसारखाच लागतो की रे हा.